नारळ फुटला की सुटायचं

अनुसया,

तुझा बोर्ड लागलाय. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, जिथं तू गाडी उभी करून मेसचे डबे उतरवायचीस, बरोबर तिथं. तुझा चेहरा दुसऱ्याच कुठल्या तरी बाईच्या साडीवर चिकटवलाय आणि त्या बाईला परदेशी मोटारसायकलवर बसवलंय. असली गाडी तू जन्मात चालवली नाहीस. वर लिहिलंय, 'कर्करोगाशी झुंज देता देता जीवनाची शर्यत हरलेली वेगाची राणी'. खाली कोचिंग क्लासच्या संचालकांचा हात जोडलेला फोटो आहे, तुझ्याहून मोठा. फोटोसाठी त्यांनी चष्मा काढलाय. दुःख दिसावं म्हणून काढला असेल.

झुंजीबद्दल तुझं मत मला माहीत आहे. दवाखान्यात एक बाई आल्या होत्या, रुग्णांना धीर द्यायला. त्या तुला म्हणाल्या, तुम्ही योद्धा आहात, ही शर्यत जिंकायचीच. तू उशीवरून मान न उचलता म्हणालीस, "शर्यत लावाय दोघं लागत्यात, ताई. म्या कवा लावली त्याच्यासंगं?" त्या बाई पुढच्या खाटेकडं गेल्या. तू डोळे मिटून हसलीस आणि मला म्हणालीस, "पळा आता तुमी बी. भेटायची वेळ संपली."

तर त्या बोर्डासमोर मी पिशवी घेऊन उभा राहिलो आणि मला किळस आली. ही किळस मला ओळखीची आहे, चाळीस वर्षं पोसलेली आहे. हारतुरे, सत्कार, फीत कापणं, दीपप्रज्वलनाच्या वेळी विझणारी काडी, हे सगळं मी कोपऱ्यात उभं राहून नाक मुरडत पाहिलं आणि त्यातच स्वतःला शहाणा समजत आलो. पण या वेळी ती किळस बोर्डापाशी थांबली नाही. ती माझ्यावर आली. का आली ते तुला सांगायचं आहे. तू होतीस तेव्हा सांगायला पंधरा वर्षं होती. रोज दोन वेळा डबा घेऊन यायचीस. वेळ नव्हता असं म्हणायलाही तोंड नाही.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतःच प्रमुख पाहुणा होतो. भूकंपानंतर औसा तालुक्यात जी नवी गावं वसवली त्यातलं तुमचं एक. जुनं गाव दगडांचा ढीग होऊन पडलेलं आणि नवं गाव तिथून जरा लांब, सरकारी आखणीचं. सगळी घरं एका मापाची, दारांवर नंबर, आणि रस्ते इतके सरळ आणि रुंद की त्यावरून बैलगाडी जाताना अवघडून जायची. गावात जत्रा होती आणि त्यातच वाचनालयाचं उद्घाटन. मी लातूरला कॉलेजात मराठी शिकवतो, एवढ्या पुराव्यावर मला बोलावलं होतं. मी वाचनाच्या महत्त्वावर बोललो. लोक बसले होते माझ्यासमोर आणि बघत होते माझ्या मागं, पाण्याच्या टाकीकडं. शाल आणि नारळ घेऊन खाली उतरतो तोच सलवारीवर पुरुषाचा फुल शर्ट घातलेली एक पोरगी पुढं आली.

"सर, नारळ द्या की जरा. तिकडचा नासका निघाला."

मी दिला. काय करणार? सत्काराचा नारळ मागून नेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

टाकीखाली चुन्याची रेघ होती. रेघेवर दोन मोटारसायकली, मधे एक काळा दगड. तिथून फाट्यापर्यंत सरळसोट डांबरी रस्ता. त्याच रस्त्यावर दरवर्षी जत्रेत तुमची शर्यत असायची. एका वेळी दोघांनी सुटायचं, वळण नाही, फेरी नाही, टाकीपासून फाट्यापर्यंत जो आधी पोचेल तो. पुढं कळलं, शहरात याला ड्रॅग रेस म्हणतात आणि त्यासाठी हेल्मेट, चामडी कपडे आणि इंग्रजी लागतं. तू तेव्हा चपला काढून अनवाणी बसली होतीस. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणालीस, गिअर पायाला कळाय पाहिजे.

आणि सुटायचा इशारा म्हणजे माझा नारळ. एक म्हातारबाबा तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून दगडावर आपटणार. इंजिनांच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून दोन्ही गाड्यांवरचे डोळे नारळावर होते. पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. तुझ्या शेजारचा गडी दोन्ही वेळा फसून हातभर पुढं गेला आणि पाय टेकत मागं आला. तू हलली नाहीस. तिसऱ्या फटक्याला पाणी उडालं आणि माझी पापणी लवली तेवढ्यात तुझी पाठ लहान झाली होती. हनुवटी पेट्रोलच्या टाकीला टेकलेली, शर्ट पाठीवर फुगलेला. निळ्या धुराचा एक पट्टा मागं राहिला.

तू परत आलीस ती एका हातात अर्धी कवड घेऊन. "हे घ्या, सर. तुमचा नारळ." ते खोबरं मी एसटीत खात खात लातूरला आलो. माझ्या आयुष्यात माझा एवढा एकच सत्कार कुणाच्या तरी उपयोगाला आला. त्या दिवसापासून मी तुझा चाहता. हा शब्द मी इतर कुणासाठी कधी वापरलेला नाही. तसला स्वभावच नाही.

त्याच सुमारास लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतली पोरं डॉक्टर व्हायला आमच्या गल्लीत येऊन राहायला लागली. ज्यांच्या घरात मोकळी खोली होती ते होस्टेलवाले झाले, ज्यांच्या घरात चूल होती ते मेसवाले. तू आणि तुझी आई त्या लाटेत गाव सोडून आलात आणि माझ्या खोलीच्या खालीच मेस टाकलीत. माझी बायको नांदेडला शाळेत, मी इथं एकटा, म्हणून मीही तुमच्या डब्याचा गिऱ्हाईक झालो. तू त्याच गाडीवर पुढं-मागं पिशव्या बांधून डबे वाटायचीस. आमटी सांडली तर ठरलेलं वाक्य, "घाई झाली माझी, सर." डबा लवकर आला तरी तेच, "घाई झाली माझी."

हे वाक्य तू केव्हापासून म्हणायला लागलीस ते मी कधी लक्षातच घेतलं नाही. भाषेचा मास्तर मी.

खाजाभाई तुला लातुरातच भेटले. जुन्या गंज रस्त्याला त्यांचं गॅरेज. इंजिन उघडून ते तुझ्यासमोर मांडायचे आणि तू पोळ्यांच्या पिठाचे हात पुसत शेजारी बसायचीस. तुमचं बोलणं मला कळायचं नाही. तासभर पिस्टनवर बोलून मग खाजाभाई मला म्हणायचे, "सर, तुम किताबां पढो." मी तिथं बसून खरंच पुस्तक वाचायचो.

एकदा तिथंच मी तुला विचारलं, गावात झेंडा का नाही, नारळच का? तू स्पार्क प्लग घासत सांगितलंस. भूकंपात वडील आणि दोन भाऊ गेले तेव्हा तू अकरा वर्षांची. तुम्ही वाचलेले लोक पत्र्याखाली बसलेले, वरून पाऊस, आणि धान्याचे दोन ट्रक फाट्यावर येऊन उभे. ते गावात येईनात. कुणी तरी मोठा माणूस यायचा होता, त्यानं झेंडा दाखवल्यावर ट्रक निघणार होते. झेंडा संध्याकाळी आला. तुला एक चादर मिळाली, तिचा फोटो निघाला, फोटो नीट आला नाही म्हणून चादर परत घेऊन पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दुसऱ्या पुढाऱ्यासाठी दिली. "एकच चादर, सर. तीनदा. म्या बी दर टायमाला हात पुढं केला." हे तू हसत सांगितलंस. मग म्हणालीस, "झेंडा माणसाच्या हातात अस्तोय. त्याच्या मनात यील तवा त्यो खाली करणार. नारळ कवा फुटंल कुणाला ठावं? फोडणाऱ्याला बी न्हाई."

मी तेव्हा मान डोलावली होती. याहून न्याय्य इशारा माझ्या वाचनात आलेला नव्हता. हे मुद्दाम लिहितोय. मला काही ठाऊक नव्हतं, अशी पळवाट मला ठेवायची नाही.

नांदेडची शर्यत आता सांगतो. तुला सगळी माहीत आहे, पण पंचांच्या तंबूच्या आतली बाजू माझ्याकडे आहे.

संचालकांना नांदेडला क्लासची शाखा उघडायची होती. लोह्याकडं जाणाऱ्या रस्त्याचा एक नवा तुकडा तयार होऊन पडला होता, वाहतूक अजून सुरू नव्हती. त्यावर त्यांनी ड्रॅग रेस ठेवली. डॉक्टर होण्याशी तिचा संबंध काय, असं मी विचारलं तर म्हणाले, वेग. कमानीवर तसंच लिहिलं होतं, 'वेग हेच यश'. पुण्याहून पंच आले, दिव्यांचा खांब आला, आणि जिंकणाऱ्याला पुण्यातल्या एका संघात जागा मिळणार होती. पगारी जागा, वर्षभर देशभर शर्यती. तुझ्यासाठी तो एकच दरवाजा होता आणि तो एकदाच किलकिला झाला होता. निवेदक म्हणून मी. संचालकांच्या क्लासमध्ये मी निबंधाचे तास घ्यायचो, त्यामुळे माईक माझ्या हातात येणार हे ठरलेलंच होतं.

सकाळपासूनच्या फेऱ्या तू दिव्यावर जिंकलीस. लाल, पिवळा, हिरवा. एकदाही चुकली नाहीस. हे कुणी आता आठवत नाही. चामडी कपड्यातली पोरं आधी तुझ्या अनवाणी पायांकडं बघून हसली, पंचांनी बूट घालायला लावले तेव्हा पुन्हा हसली, आणि दुपारपर्यंत गप्प झाली. अंतिम फेरीत तू आणि पुण्याचा एक पोरगा उरलात.

आणि तेव्हा प्रमुख पाहुणे आले. तीन तास उशिरा. शर्यत संपत आली होती तरी उद्घाटन राहिलं होतं ना. ते अंतिम फेरीआधी करायचं ठरलं. फोटोवाल्यांनी सांगितलं, गाड्या रेघेवर घ्या, इंजिन चालू ठेवा, धूर छान दिसतो. तुम्ही दोघं गाड्या घेऊन आलात. कुणी तरी दोन गाड्यांच्या मधोमध दगड आणून ठेवला. पाहुण्यांच्या हातात नारळ दिला.

मी ते पाहत होतो. तुझा हात क्लचवर होता आणि डोळे दिव्यावरून खाली आले होते. मला कळलं होतं, अनुसया. काय होणार ते त्या शेपाचशे लोकांत फक्त मला आणि खाजाभाईंना कळलं असेल, आणि खाजाभाई पलीकडच्या टोकाला पाने घेऊन उभे होते. माईक माझ्या हातात होता. 'थांब' एवढं म्हणायचं होतं. मी वाक्य जुळवत होतो. मला वाक्य नीट जुळल्याशिवाय बोलता येत नाही, हा माझा लौकिक आहे.

नारळ पहिल्याच फटक्याला फुटला. तू गेलीस.

पुण्याचा पोरगा दिव्याकडं बघत बसला होता. पाहुण्यांच्या झब्ब्यावर नारळाचं पाणी आणि तुझा धूर. लांब, शेवटच्या रेघेपाशी तू हेल्मेट काढून हात वर केलास आणि वाट बघत राहिलीस. कुणी टाळी वाजवेना.

तंबूत पंच बसले. ते भले गृहस्थ होते, हेही सांगायला हवं. त्यांना खलनायक करता आलं असतं तर माझं काम हलकं झालं असतं. ते म्हणाले, मुलगी सकाळपासून एकदाही दिव्याआधी हललेली नाही, मग आत्ताच असं का? आणि माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही त्याच भागातले ना? तुमच्याकडे नारळ फुटला की सोडतात, असं काही आहे का? तसं असेल तर चूक आपली आहे. दगड आपणच रेघेवर ठेवला. फेरी पुन्हा घेऊ."

सगळे माझ्याकडं बघत होते. पाहुणे झब्बा पुसत हसत होते आणि कुणाला तरी सांगत होते, खेड्यातल्या लोकांना अजून नारळच कळतो. संचालक हसले नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं. आणि मला लाज वाटली. पुण्याच्या माणसांपुढं नारळाच्या बाजूनं बोलायची लाज. माझाच नारळ होता तो, वर्षा-दोन वर्षांपूर्वीचा, त्याचं खोबरं मी खाल्लेलं, आणि मी म्हणालो, "नाही, तसं काही नसतं. घाई झाली तिची."

तुला बाद केलं. पुण्याचा पोरगा हिरव्या दिव्यावर एकटाच धावला आणि जिंकला. संघातली जागा त्याला गेली. मी माईकवर त्याचं नाव जाहीर केलं, शुद्ध उच्चारात.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आला. मी दार उघडलं तर तू नेहमीसारखीच. भाजी दोडक्याची होती. तू म्हणालीस, "काल तुमाला उपाशी ठिवलं, सर."

मग आपला वाद सुरू झाला. तो पंधरा वर्षं चालला. तू डबा ठेवून दाराच्या चौकटीला टेकायचीस आणि कुठूनही बोलण्याची गाडी त्या शर्यतीवर आणायचीस. मी म्हणायचो, दिवा हा नियम होता. तू म्हणायचीस, मग नारळ कशाला फोडला? मी म्हणायचो, ते उद्घाटन होतं. "शर्यत सपत आली आन् उद्घाटन?" प्रथा असते, मी म्हणायचो. "प्रथा तर माझी बी हाय की, सर." मग मी कायदा, संकेत, समाज असलं काही तरी काढायचो. चांगलं बोलायचो. एकदा तर इतकं चांगलं बोललो की तू म्हणालीस, "ह्ये ल्याहून द्या, पोरायला परीक्षेत यील."

हरल्याचं तुला काही नव्हतं. हरणं तू जत्रेत कितीदा तरी हसत घेतलंस. लवकर सुटली, हा शिक्का तुला सोसत नव्हता. "म्या येळंवर सुटले, सर. आता फकस्त कुणी तरी म्हनाय पायजे." असं तू म्हणायचीस आणि थोडा वेळ थांबायचीस. मग खाली उतरायचीस. ते थांबणं मला कधी कळलं नाही. मला वाटायचं, रिकामा डबा हवाय.

अंगावरची गाठ हाताला लागली तेव्हा तू ती कुणाला सांगितली नाहीस. गाडीवरून पडल्याचा मार असेल म्हणून वर्षभर हळद लावलीस. तुझ्यासारखीनं, जिला इंजिनातला एवढासा वेगळा आवाज लांबून ऐकू यायचा. डॉक्टरांनी उशीर झाला म्हटल्यावर तू मला सांगितलंस, "हिथं मातर घाई न्हाई झाली माझी." मी हसलो. तू हसली नाहीस. औषधानं केस गेले तेव्हा म्हणालीस, हेल्मेट आता बरोबर बसतंय.

शेवटच्या भेटीत तू छताकडं बघत होतीस. मग म्हणालीस, "सर, नांदेडला तुमी माईकवर लई चांगलं बोलत होता."

मला वाटलं, सकाळच्या निवेदनाबद्दल. मी म्हणालो, "आवाज बरा होता तेव्हा."

तू माझ्याकडं पाहिलंस. नीट, पूर्ण पाहिलंस. मग म्हणालीस, "हाव. लांबपत्तुर आला."

तुला नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो. खाजाभाई तुझी गाडी पुसत बसले होते, जी आता कुणी चालवणार नव्हतं. मी शेजारी बसलो. पुस्तक नेलं नव्हतं. मी म्हणालो, खाजाभाई, नांदेडला तंबूत मी एक खोटं बोललो होतो. ते पुसायचे थांबले नाहीत.

"मालूम है, सर. उसकू भी मालूम था."

मी विचारलं, कसं? त्यांनी सांगितलं. पाहुण्यांना फोनवर बोलता यावं म्हणून तंबूकडचे स्पीकर बंद केले होते. शेवटच्या रेघेपाशी खांबावर बांधलेला कर्णा कुणी बंद केला नव्हता. आणि माझ्या हातातला माईक चालू होता. तू हेल्मेट काढून हात वर करून उभी होतीस आणि तुझ्या डोक्यावरच्या कर्ण्यातून माझा आवाज आला. "नाही, तसं काही नसतं. घाई झाली तिची."

खाजाभाई म्हणाले, तुझा हात तेव्हा खाली आला. त्यांनी शिवी दिली तर तू त्यांना गप्प केलंस. म्हणालीस, सरांना लाज वाटली असंल. मोठ्या लोकांत बसलेत. सांगतील नंतर.

म्हणजे पंधरा वर्षं, दिवसातून दोनदा, तू जिना चढून मला संधी देत होतीस. माझंच वाक्य माझ्या दारात ठेवून जात होतीस, आमटीच्या डब्यासकट. आणि मी कायद्यावर बोलत होतो. मला उपरोध कळतो अशी माझी ख्याती आहे, अनुसया.

यावर तुझ्यावर रागवावंसं वाटतं, हेही लिहितो. तू एकदा तरी शिवी द्यायला हवी होतीस. डबा बंद करायला हवा होता. इतकं चांगलं वागून तू मला कुठंच जागा ठेवली नाहीस. आणि तरी, खरं सांगतो, तुझ्या हातची दोडक्याची भाजी आठवली की तोंडाला पाणी सुटतं. माणूस किती हलका असतो ते मी पुस्तकांत वाचलं होतं.

काल पंधरावा दिवस. संचालकांनी तुझ्या गावात, टाकी ते फाटा, तुझ्या स्मरणार्थ शर्यत ठेवली. कमान होती, मंडप होता, क्लासच्या प्रवेशाची पत्रकं होती. निवेदन अर्थातच माझ्याकडं. रेघेवर तू शिकवलेल्या दोन पोरी बसल्या होत्या, दोघी अनवाणी. संचालक हिरवा झेंडा गुंडाळून काखेत धरून उभे होते. आधी भाषण, मग झेंडा, असा क्रम माझ्या हातातल्या कागदावर होता.

मी कागद वाचला नाही. माईकवर म्हणालो, नांदेडला मला विचारलं होतं की या गावात नारळावर सोडतात का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. इथं नारळावरच सोडतात. अनुसया वेळेवर सुटली होती.

मला वाटलं होतं, शांतता पसरेल. मागून एक म्हातारा म्हणाला, "आमाला ठावं हाय की, मास्तर. फुडं बोला."

सगळ्या गावाला माहीत होतं. कबुली द्यायला गेलो तर तीही शिळी निघाली.

संचालकांनी अलगद माईक घेतला. सरांच्या भावना दाटून आल्यात, म्हणाले, आणि वेग व यश यांवर सुरू झाले. मी बाजूला झालो. तुझी आई मंडपाच्या खांबाशी बसली होती. ती उठली, पिशवीतून नारळ काढला आणि माझ्यापुढं धरला. तिनं माझं बोलणं ऐकलं होतं. एवढंच म्हणाली, "धरा, सर. बगून घेतलाय. नासका न्हाई."

दगड तिथंच होता, जुनाच. मी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. संचालक बोलत होते. पोरींचे डोळे झेंड्याकडून माझ्याकडं आले.

पहिल्या फटक्याला फुटला नाही. हाताला झिणझिण्या आल्या. मला वाटलं, पोरी फसणार. दोघींतली एकही हलली नाही. हे तू शिकवलंस. दुसऱ्या फटक्याला नुसती चीर गेली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून आपटला आणि माझ्या चष्म्यावर पाणी उडालं.

चष्मा पुसून पाहिलं तर निळा धूर होता आणि लांब फाट्याकडं लहान होत जाणाऱ्या दोन पाठी. संचालकांचं वाक्य अर्धं राहिलं होतं. झेंडा अजून त्यांच्या काखेतच होता.

कुणीही लवकर सुटलं नव्हतं.